कांदेनवमीचे टाको

लग्न होऊन मी ग्वाल्हेरला आले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की या घरात स्वयंपाक झाला म्हणजे झाला असं नसतं. ताटं वाढली, सगळे बसले, की सासूबाई पहिला घास घेणार, तो सावकाश चावणार आणि मग निकाल लागणार. "मीठ कमी." "मीठ बरं आहे, गूळ जास्ती पडला." "हिंग विसरलीस." मी इंदूरची. आमच्याकडे जेवताना लोक तोंड उघडतात ते आणखी वाढा म्हणायला. इथे मी इतकी वर्षं रोज दोन वेळा परीक्षेला बसले आणि एकदाही पहिल्या वर्गात पास झाले नाही.

शिवाय त्यांची ती स्टीलची डबी. लिंबाएवढी, घट्ट झाकणाची, आत मीठ. लग्नाला जा, हॉटेलात जा, कोणाच्या बारशाला जा, पर्समधून डबी निघायची आणि यजमानांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या वरणावर चिमूट पडायची. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी मनातल्या मनात म्हणायचे, देवा, एक दिवस तरी या बाईंना जेवताना गप्प बसव.

देवानं ऐकलं. मागच्या हिवाळ्यात सासूबाईंना ताप आला. ताप आठवडाभरात गेला, पण जाताना तोंडाची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर आधी म्हणाले येईल. मग म्हणाले, बहुतेक येईल. मग म्हणाले, काहींची येते, काहींची नाही येत, आणि यांचं वयही आहे. सासूबाई जेवायला बसायच्या, पहिला घास घ्यायच्या, सवयीनं आमचे हात थांबायचे, आणि त्या म्हणायच्या, "ठीक आहे." एकदा मी मुद्दाम आमटीत मीठच घातलं नाही. त्या म्हणाल्या, "ठीक आहे." मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि ओट्याला टेकून रडले.

हळूहळू त्यांचं जेवण कमी झालं. ब्लाउज ढगळ व्हायला लागले. चैत्रात आमच्याकडे गोडा मसाला भाजतात, म्हणजे सासूबाई भाजतात आणि आम्ही पुढ्यात लागेल ते सरकवतो. दौलतगंजपासून गोरखीपर्यंत जी काही मराठी घरं उरली आहेत, तिथून त्यांच्याकडे रिकामे डबे यायचे. कुठलं घड्याळ नाही, माप नाही, नुसतं नाक. धने उतरवायची वेळ झाली की त्यांना पलीकडच्या खोलीत कळायचं. यंदा त्यांनी सगळे डबे रिकामेच परत पाठवले. "नाक नाही तर मसाला कसला भाजू?" म्हणाल्या. मग आम्ही पुण्याहून पाकिटातला मसाला मागवला. तो आमच्या ओट्यावर येऊन बसला, पण दोन दिवस पाकिटाला कोणी कात्री लावली नाही.

अशा वेळी आमच्या मुलीचा फोन आला. ती नोएडाला नोकरी करते, नुकतीच तिनं एक जुनी गाडी घेतली होती आणि ती कुठे कुठे नेऊ असं तिला झालं होतं.

"मम्मा, मी आजीला टाको खिलवते," ती म्हणाली.

टाको म्हणजे काय ते तिनं मला समजावून सांगितलं. मक्याची तळहाताएवढी पोळी, आत शिजवलेला राजमा किंवा भाजी, वर कच्चा कांदा, कोथिंबीर, भाजलेल्या मिरचीची चटणी आणि लिंबू पिळून दुमडायचं. मेक्सिकोत लोक रस्त्यात उभ्या उभ्या खातात. "आंबट, तिखट, कच्चं, जळकं, सगळं एकदम मम्मा! कुछ तो लगेगा ना जिभेला?" तिचा बेतही ठरला होता. ग्वाल्हेरहून नोएडाला जाताना वाटेत जिथे जिथे असली खाणावळ दिसेल तिथे गाडी थांबवायची आणि आजीला टाको भरवायचा. शेवटचा दिल्लीत, तिच्या आवडीच्या दुकानात.

मी कॅलेंडर बघितलं. आषाढ लागला होता. एकादशीला चातुर्मास सुरू, म्हणजे सासूबाईंचा कांदा-लसूण थेट कार्तिकापर्यंत बंद. त्याच्या आधी कांदेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे घरातला सगळा कांदा संपवतात. कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याचं पिठलं, शेजारच्या हिंदी बायकासुद्धा वासानं विचारायला येतात. जे काही करायचं ते नवमीलाच करायला हवं होतं. नाहीतर टाकोतून कांदा-लसूण काढल्यावर आजीला भरवायला राहिलं काय?

नवमीच्या आदल्या दिवशी मुलगी गाडी घेऊन आली, पण सासूबाई आधी तयार होईनात. "मला कशाला घेऊन चालून राहिलात? मला सगळं सारखंच."

"तेच तर!" मुलगी म्हणाली. "आजी, सगळं सारखंच आहे तर इथे बसून खाल्लं काय नि फिरून खाल्लं काय? चल ना यार."

नातीनं यार म्हटलेलं त्यांना आवडतं. त्या हसल्या आणि एक अट घातली. अंड्या-मांसाच्या तव्यावरचं खाणार नाही, आणि तवा स्वतः पाहणार.

निघताना मी बघितलं तर त्यांची पर्स टेबलावर होती आणि मिठाची डबी फडताळातच. "डबी राहिली," मी म्हणाले. "राहू दे. काय करायचंय," त्या म्हणाल्या आणि चपला घालायला गेल्या. ज्या डबीनं मला सगळ्या ग्वाल्हेरात तोंड लपवायला लावलं होतं, ती मी उचलली, भरली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. का टाकली ते विचारू नका.

पहिला मुक्काम गावातच होता. सिटी सेंटरला एक कॅफे आहे, तिथे नूडल्सपासून ढोकळ्यापर्यंत सगळं मिळतं, त्यात टाकोही मिळतो. आम्ही शटर उघडता उघडताच जाऊन बसलो. मैद्याची कडक तळलेली घडी, आत कोबी आणि पनीर, आणि वर गोडसर पांढरं असं काहीतरी भरपूर ओतलेलं. मी एक घास खाल्ला आणि रुमाल शोधला. सासूबाईंनी निमूटपणे अर्धा टाको संपवला. मी, मुलगी आणि माझे यजमान, आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.

उरलेला अर्धा आमच्या यजमानांनी खाल्ला. हा माणूस जन्मभर पोळी-भाजीच्या बाहेर गेला नाही. "दुमडलेला पापडच आहे हा," असं म्हणत त्यांनी माझाही संपवला.

मग मुरैना गेलं, चंबळचा पूल आला. पुलावर आले की आमचे यजमान गाडी हळू करायला लावतात आणि म्हणतात, "बघा, घडियाल." घडियाल म्हणजे नदीतली लांब तोंडाची मगर, पण आजवर कोणाला एकही दिसलेला नाही. या वेळी सासूबाईंनी नुसती मान वळवली, खिडकीबाहेर बघितलं आणि परत समोर बघायला लागल्या. एरवी त्या म्हणायच्या, तुझ्या बापालाही दिसला नव्हता. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. चवीबरोबर यांचं सगळंच चाललंय की काय, असं वाटलं.

आग्र्याला टूरिस्ट लोकांच्या रस्त्यावर एक छान रंगवलेलं हॉटेल होतं. भिंतीवर मोठ्या टोपीचा मिशीवाला माणूस, आणि टाकोत पनीर टिक्का. बरोबर हिरवी चटणी, अगदी समोशाबरोबर देतात तीच. मॅनेजर सूट घालून टेबलापाशी आला आणि त्यानं अदबीनं विचारलं, "कैसा लगा माताजी?"

"ठीक है," सासूबाई म्हणाल्या. तो बिचारा खूश होऊन गेला.

एक्सप्रेसवेवरच्या फूड कोर्टात तिसरा. राजमा घरच्यासारखा, वर चीजचा चौकोनी तुकडा तसाच्या तसा ठेवलेला. मुलीनं त्यावर लिंबू पिळून पिळून पार सालाचा चोथा केला. सासूबाईंनी घास घेतला, थांबल्या आणि म्हणाल्या, "यात लिंबू आहे का?"

आम्ही तिघं एकदम पुढे सरकलो. "आहे! लागतंय?"

"नाही. तू पिळताना दिसलीस म्हणून विचारलं."

गाडीत कोणी गाणी लावली नाहीत. मुलगी चालवत होती, तिचे ओठ घट्ट मिटलेले. मी तिच्या बाजूला बसले होते. मागून तिचे वडील म्हणाले, "तिसरा जरा बरा होता हं." मी मागे वळून असं बघितलं की ते पुढे दिल्लीपर्यंत झोपले.

दिल्लीतलं दुकान एका अरुंद गल्लीत होतं. चार टेबलं, एक काउंटर, काउंटरच्या मागे मोठा तवा. मालकच आचारी होता, चाळिशीचा, आडव्या बांध्याचा, कपाळाला कापडाची पट्टी बांधलेला. मुलीनं आधीच फोन करून सांगून ठेवलं होतं. त्यानं शाकाहारी तवा वेगळा काढून दाखवला. सासूबाईंनी तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, मी इथेच बसते. मग काउंटरला लागून एक उंच स्टूल होतं त्यावर त्या चढून बसल्या, पदर खोचून, तव्याकडे नजर लावून. आम्ही मागच्या टेबलावर.

आचारी मक्याच्या पिठाचे गोळे दाबून पोळ्या करत होता. एका हातानं तव्यावर टाकायचा, दुसऱ्यानं उलटायचा. सासूबाई त्याचे हात बघत होत्या. आमच्यात पाण्याच्या बाटल्या किती मागवायच्या यावर काहीतरी वाद चालला होता. तेवढ्यात त्यांचा आवाज आला.

"भैया, आपकी मिर्ची जल रही है."

आचाऱ्यानं तव्याकडे बघितलं. तव्यावर पोळी होती, मिरची कुठेच नव्हती. "यहाँ तो कुछ नहीं है माताजी."

"यहाँ नहीं. अंदर. लाल सूखी मिर्ची. काली पड़ गई तो चटणी कड़वी होगी, उतारो जल्दी."

मागच्या भिंतीला एक दार होतं आणि ते लोटलेलं होतं. आचारी आत धावला. आतून भांड्याचा आवाज झाला आणि तो चिमट्यात एक मिरची धरून बाहेर आला, एका बाजूनं काळसर झालेली. "माताजी, थोड़ी जलानी ही होती है," तो हसत म्हणाला, "पर इतनी नहीं. आपने बचा ली."

यजमान उठून उभे राहिले होते. "आई, तुला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? वास येऊन राहिलाय ना," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पदर तोंडाशी नेला, डोळे मिटले आणि जोरानं श्वास घेतला. परत घेतला. मला अजून काहीही वास येत नव्हता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा त्यांचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या.

टाको आले. मऊ पोळी, आत काळा राजमा आणि भाजलेली मोठी मिरची, वर बारीक चिरलेला पांढरा कांदा, त्या वाचवलेल्या मिरच्यांची चटणी. लिंबाची फोड. सासूबाईंनी लिंबू पिळलं, टाको दोन्ही हातांनी धरला आणि पहिला घास घेतला. आमचे हात थांबले. त्या चावत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी टाको खाली ठेवला.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

मुलगी अशी किंचाळली की शेजारच्या टेबलावरच्या मुलांनी फोन खाली ठेवले. यजमान चष्मा काढून पुसायला लागले. आचारी घाबरून विचारत होता, क्या हुआ, नमक कम है क्या, अभी ठीक करता हूँ. मी त्याला म्हटलं, "भैया, कुछ मत करो. नमक बिलकुल कम है. बहुत अच्छा है." तो माझ्याकडे बघतच राहिला.

"आणि मी डबी घरी ठेवून आले," सासूबाई वैतागून म्हणाल्या.

मी पर्समधून डबी काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एकदा डबीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. झाकण काढलं, चिमूट घेतली आणि आधी माझ्या टाकोवर टाकली, मग स्वतःच्या.

त्या संध्याकाळी त्यांनी चार टाको खाल्ले. सगळं लागत नव्हतं. कोथिंबीर लागत नव्हती, गोड अगदीच पुसट, पण तिखट, मीठ आणि तो जळका वास पुरता परत आला होता. मुलीच्या फ्लॅटवर जाऊन त्यांनी तिच्या सगळ्या साबणांचा वास घेतला, तिच्या बापाच्या मोज्यांचाही घेतला आणि ते बाल्कनीत ठेवायला लावले.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. एक्सप्रेसवेवर कालचं फूड कोर्ट आलं तशा सासूबाई म्हणाल्या, "थांबव."

"आजी, चहा?"

"चहा नाही. ते कालचं. काल मी खाल्लं कुठे? नुसतं गिळलं."

यजमान चाचरत म्हणाले, "पण आई, काल नवमी झाली. आजपासून तर तू कांदा..."

"आज दशमी. चातुर्मास एकादशीपासून. नवमीला कांदा संपवायचा असतो, आणि या लोकांचा संपलेला नाही, त्याला मी काय करू?" इतकी वर्षं दशमीला आमच्या घरात कांद्याचं साल दिसलं तरी या बाई घर डोक्यावर घ्यायच्या. मी खिडकीबाहेर बघून हसू दाबलं.

फूड कोर्टातल्या टाकोचा त्यांनी एक घास घेतला आणि चीजचा चौकोन बोटानं उचलून ताटाच्या कडेला ठेवला. "मेणबत्ती," म्हणाल्या. राजम्याला मात्र चांगलं म्हटलं. आग्र्याला त्या स्वतःहून आत शिरल्या. सूटवाला मॅनेजर ओळखून धावत आला. कालच्यासारखंच त्यानं विचारलं, कैसा लगा? या वेळी त्याला उत्तर मिळालं. पनीर कोरडं आहे, चटणीत पुदिना कालचा आहे, मीठ ठीक पण मिरपूड कशाला, आणि भिंतीवरचा माणूस फार रागावलेला दिसतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बरोबर पेठ्याचं एक पाकीट दिलं. पुलावर यजमान म्हणाले, "बघा, घडियाल," आणि सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या बापालाही नाही दिसला." मला त्या क्षणी दोघांनाही मिठी मारावीशी वाटली.

सिटी सेंटरचा कॅफे शेवटी. कडक मैद्याची घडी, कोबी, वर ते पांढरं. सासूबाईंनी घास घेतला आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"हे मी काल खाल्लं? आणि ठीक आहे म्हणाले? आणि तुम्ही तिघांनी मला म्हणू दिलं?"

मुलगी हसून हसून टेबलावर आडवी झाली. त्या पार्सल करू देईनात. आमच्या यजमानांनी तो तिथेच संपवला.

आमच्या माधवगंजात शिरेपर्यंत दिवेलागण झाली होती. मी म्हटलं, दमला असाल, मुगाची खिचडी टाकते.

"खिचडी नको. आमटी-भात कर," सासूबाई म्हणाल्या. "हिवाळ्यापासून रोज तुझ्या हातचं जेवले. एका दिवसाची चव मला ठाऊक नाही. ते सगळं आता परत खायचं आहे मला."

मी नुसती मान हलवली. त्या मागे बसल्या होत्या, त्यांना ती दिसली की नाही कोण जाणे.

घरी येऊन मी आमटी केली. इंदूरहून नवी नवरी होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी घातलं होतं तसं मीठ दोनदा मोजून घातलं. ताटं वाढली. चौघं बसलो. सासूबाईंनी आमटी-भात कालवला, पहिला घास घेतला, सावकाश चावला. आमचे हात थांबले.

"मीठ बरं आहे," त्या म्हणाल्या. मी श्वास सोडणार तेवढ्यात पुढचं आलं. "मसाला मात्र अगदीच बेकार. कोणाचा हा?"

"पुण्याचा. पाकिटातला."

"फेकून दे. धने भाजलेच नाहीत यानं, नुसते गरम केले आहेत. उद्या एकादशी. परवा धने, तीळ, खोबरं आणा."

"आई, पावसाळ्यात मसाला?" यजमान म्हणाले.

"भाजायचाच आहे ना, वाळत कोण घालतंय?" आणि त्या माझ्याकडे वळल्या. "दौलतगंजला फोन लाव. म्हणावं, डबे पाठवा."

जेवण झाल्यावर लावते, असं मी म्हणायला हवं होतं. मी उष्ट्या हातानंच फोन लावला.